सेतुरावांचं नाक

साल २०१२. मला साठ पूर्ण झालेली, सेतुरावांना छप्पन्न. त्या वर्षीच्या चैत्रात पश्चिम मांबळममधल्या एका वकिलाच्या घरी दोन भटजी श्राद्धाच्या पानावरून न जेवता उठले. स्वयंपाक सेतुरावांचा होता. तूप खवट होतं. डबा उघडला, कढवलं, गाळलं, भातावर वाढलं, आणि खवट वास त्यांना आलाच नाही. सेतुरावांचं नाक गेलंय हे लोकांना कळलं ते त्या दिवशी.

मी काही लिहिणारा माणूस नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही विट्याच्या अंगाला एका खेड्यात. चौदाव्या वर्षी मामाबरोबर मद्रासला आलो आणि सावकारपेठेत गलाईच्या दुकानी लागलो. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. चाळीस वर्षं भट्टीपुढं काढली. पुढं पोराला ओरगडमच्या मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली, पण त्याच्या कितीतरी आधी, मी भट्टीवर असतानाच, आम्ही नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आलो होतो. तळाला मागच्या खोलीत सेतुराव एकटे राहायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. कुंभकोणमला एक भाची, तेवढंच.

ते तंजावरी मराठी. तीनशे वर्षांपूर्वी यांचे वाडवडील तिकडून इकडं आले ते इथलेच झाले. त्यांचं बोलणं ऐकून मला पहिले काही महिने वाटायचं, हा माणूस जुना दस्तऐवज वाचून दाखवतोय. ‘सगळे’ला ते ‘अस्के’ म्हणायचे, ‘मला काय’ला ‘मज काय’ म्हणायचे, आणि मधूनच तमिळ. मी एकदा म्हटलं, “राव, तुमची मराठी शिळी आहे.”

“शिळी नव्हे, जाधव. मुरलेली,” ते म्हणाले. “तुमची आहे ती काल लावलेली.”

काम श्राद्धाचा स्वयंपाक. लग्नामुंजीचा नाही, फक्त श्राद्धाचा. त्यांच्यातली पन्नास-साठ घरं त्यांना बांधलेली. श्राद्धाचं रांधलेलं अन्न पितरांच्या आधी कोणी चाखायचं नाही. मीठ बघायचं नाही. वाफसुद्धा मुद्दाम नाकात घ्यायची नाही. पण सामानाला ही अट नाही. म्हणून ते चूल पेटवायच्या आधी सगळं सामान हुंगून घ्यायचे. तूप, तीळ, मिरे, डाळ, गूळ, एकेक. त्यावरून मीठ किती, पाणी किती, आच किती, सगळं डोक्यात ठरायचं. “चाखून कोणीही रांधील,” ते म्हणायचे. “न चाखता रांधील तो आचारी.” हा त्यांचा गर्व होता. मला गर्विष्ठ माणूस आवडतो. मी स्वतः तसाच आहे.

आणि अशा माणसाला रोज पहाटे शिंका यायच्या. एकदा सुरू झाल्या की वीस-बावीस. इमारतीत कोणी घड्याळाला गजर लावत नसे. मी वरून ओरडायचो, “राव, एकोणीस झाल्या, अजून दोन बाकी!” खालून शिंकतच उत्तर यायचं, “मोजा, मोजा, दुसरें काम काय तुम्हांस?” आम्ही हसायचो. पण तो माणूस आडवा झोपू शकत नव्हता. नाक चोंदायचं, तोंडानं श्वास घ्यायचा, घसा कोरडा पडायचा, म्हणून भिंतीला पाठ लावून बसून झोपायचा. किती वर्षं, तर बारा. डोळे सदा लाल, पंचाच्या टोकानं नाक पुसून पुसून नाकपुड्यांची साल गेलेली. एवढं असून मी कधी विचारलं नाही की राव, वास येतो का. ते विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. वास कमी कमी होत गेला तेव्हा ते जुन्या सवयीवर, हाताच्या अंदाजावर आणि फोडणीच्या आवाजावर निभावत होते. तूप मात्र आवाजावरून ओळखता येत नाही.

वकील काही बोलले नाहीत. दक्षिणा दिली, नमस्कार केला. पुढच्या वेळी बोलावलं नाही. सेतुरावांना तेच लागलं. पायरीवर बसून मला म्हणाले, “शिव्या दिल्या असत्या तर बरें झालें असतें, जाधव. त्यांची आई उपाशी गेली माझ्या हातून.”

माझ्या सुनेला, संगीताला, धुळीची अ‍ॅलर्जी होती आणि टी. नगरमधल्या एका डॉक्टरीणबाईंच्या औषधानं तिला उतार पडला होता. तिनंच रावांना तिकडं जा म्हणून सांगितलं. एकटे जाईनात. मग मी गेलो बरोबर. मी स्वतः डॉक्टरकडं जात नाही, पण दुसऱ्याला नेतो.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातावर ओळीनं बारीक टोचे दिले, प्रत्येकावर वेगळ्या वस्तूचा थेंब. पाव तासानं एक टोचा रुपयाएवढा फुगला. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, “अय्या, तुमचा शत्रू सापडला. धुळीतला किडा. डोळ्यांना दिसत नाही. गादीत, उशीत, जुन्या कापडात राहतो.”

सेतुराव ताठ झाले. “माझ्या घरांत? मी दिवसांतून तीनदा स्नान करतों. माझें कापड कोणी शिवत नाही.”

“तो शिवायला विचारत नाही,” डॉक्टरीण म्हणाल्या. मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

मग औषध सांगितलं. जिभेखाली थेंब धरायचे, दोन मिनिटं, मग गिळायचे. रोज. तीन वर्षं. शरीराला त्या शत्रूची थोडी थोडी सवय लावायची म्हणजे ते उगीच लढायचं थांबतं. शिंका कमी होतील, झोप लागेल. वास येईल का ते सांगता येत नाही, सूज उतरली तर येईलही. खाडा मात्र करायचा नाही. पहिला थेंब तिथंच द्यायचा आणि अर्धा तास बसवून ठेवायचं, कोणाला त्रास होतो म्हणून.

सेतुरावांनी विचारलं, “हें कशापासोन करतात?”

“त्याच किड्यापासून,” डॉक्टरीण म्हणाल्या.

ते उठले, चपला घातल्या आणि चालू पडले. बसस्टॉपपर्यंत मी मागं. साड्यांच्या दुकानांपुढच्या त्या गर्दीत ते मला ओरडून सांगत होते, “किड्याचा अर्क! माझ्या जिभेखाली! ज्या जिभेने मी संकल्प सांगतों!”

आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मीच खाली गेलो. म्हटलं, “राव, माझ्या धंद्यात सोनं शुद्ध करायला तेजाब लागतं, ॲसिड. तेजाब काय देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू आहे? हातावर पडलं तर हाड दिसतं. पण त्याच्यातून निघालेलं सोनं तुम्ही देवाच्या गळ्यात घालता.” माझे हात दाखवले. डाग आहेत अजून.

त्यांनी वाकून ते डाग बघितले. मग म्हणाले, “सरी.” बरं म्हणायला त्यांचा हा तमिळ शब्द. तो एकदा म्हटला की विषय संपला.

तेव्हापासून सकाळी पायरीवर बसून थेंब घ्यायचे. दोन मिनिटं बोलायचं नाही. एरवी त्यांच्यापुढं मला बोलायला जागा मिळत नसे, म्हणून तेवढ्यात मी हिशेब चुकते करायचो. “काल तुम्ही तंजावरच्या राजाचं सांगितलं त्या सगळ्या थापा होत्या.” ते डोळे वटारायचे, बोटानं थांबा म्हणायचे. “आणि सांबार तुमच्या लोकांनी शोधलं हे तर साफ खोटं.” दोन मिनिटं संपली की गिळायचे आणि मग अर्धा तास माझी खरडपट्टी. ती दोन मिनिटं मला फार आवडायची.

पण एक गोष्ट लवकरच माझ्या लक्षात आली. ज्या दिवशी स्वयंपाकाचं बोलावणं असेल त्या दिवशी बाटली बाहेर यायची नाही. आदल्या दिवशी सूर्य बुडाला की त्यांचं सोवळं सुरू व्हायचं, त्याला ते मडी म्हणत. मग तोंडात पाणीसुद्धा नाही, ते दुसऱ्या दिवशी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत.

मी म्हटलं, “मग दुपारी घ्या, जेवल्यावर.”

“पोटांत पितरांचें अन्न आणि वरून किड्याचें पाणी?”

“बाकीच्या दिवशी चालतं ते?”

“बाकीच्या दिवशीं तो माझा देह, माझें पाप. दुसऱ्याच्या पितरांवर कां घालूं?”

आठवड्यात कधी दोन, कधी चार खाडे. आणि भाद्रपदात तर पितृपक्ष. पंधरा दिवस रोज कोणाकडं तरी पानं, आणि मग चुकलेल्यांची अमावास्येनंतर. तीन आठवडे बाटलीला हात नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कमी ताकदीच्या बाटलीपासून सुरुवात करायला लावली आणि रागावल्या. “अय्या, असं विसरून चालत नाही.”

सेतुराव मान खाली घालून म्हणाले, “विसरलों.”

बाहेर आल्यावर मी तावातावानं म्हटलं, “खरं का नाही सांगितलं?”

“काय सांगूं? तुमचें औषध अपवित्र आहे म्हणूं? चांगली बाई आहे. तिचें मन कां दुखवावें?” मग म्हणाले, “तुम्हींही सांगणार नाही. शब्द द्या.”

दिला. मी दिलेला शब्द मोडत नाही, चाळीस वर्षं लोकांनी माझ्या शब्दावर सोनं ठेवलं आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी मी त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसून ते ‘विसरलों’ ऐकत राहिलो, आणि डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

तरीही औषधानं काम केलं. दुसऱ्या वर्षीच्या ज्येष्ठात, बोलावणी कमी होती तेव्हा सलग दोन महिने थेंब झाले. शिंका बावीसवरून सहावर आल्या. आडवे होऊन झोपले एके दिवशी, तर सकाळी उशिरापर्यंत दार उघडेना म्हणून आम्ही घाबरलो. आणि मग एका दुपारी गल्लीतून धावत आले. छप्पन्न-सत्तावन्नचा माणूस, कमरेची वेष्टी गुडघ्यापर्यंत धरून.

“जाधव! कूवम! कूवम!”

मला वाटलं कोणी नदीत पडलं. कूवम म्हणजे आमच्या भागातून वाहणारी नदी, नदी कसली, शहराचं गटार. पुलावरून जाताना बसमधले लोक रुमाल धरतात.

“काय झालं?”

“घाण मारते हो! पुलावर उभा होतों, आणि एकदम, नाकांत! काय ती घाण, जाधव! काय ती घाण!” डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझी बायको इंदू वरून हे ऐकत होती. ती खाली आली आणि तिनं त्यांच्या हातात साखर ठेवली. त्यांनी ती घेतली, साखर चालायची. वीस वर्षांत आमच्या घरचं शिजलेलं काही, की साधं पाणी, त्यांनी कधी घेतलं नाही. इंदूला त्याचं काही नव्हतं, ती केळी पाठवायची, पेरू पाठवायची. मला होतं. मी ते मनात ठेवून होतो.

दोन महिन्यांत पुन्हा पितृपक्ष आला. पुन्हा खाडे. दसऱ्यापर्यंत कूवम गेली, शिंका परत आल्या.

त्या दिवाळीत त्यांनी मला बसवून सांगितलं. “मी हिशोब केला. रांधायचें तर नाक पाहिजे. नाक पाहिजे तर थेंब पाहिजेत. थेंब पाहिजेत तर रांधायचें नाही. म्हणोन तीन वर्षें रांधणार नाही.”

“आणि मग?”

“मग नाक घेऊन जाईन वकिलांकडे. त्यांच्या आईला एक पान वाढायचें राहिलें आहे. तेवढें झालें की पुरे.”

साठ घरांना जाऊन सांगून आले. टी. नगरच्या एका खाणावळीत टोकन फाडायच्या कामाला लागले. आत स्वयंपाकघरात दुसरे लोक रांधत आणि हे दारात स्टुलावर. आचाऱ्याला याहून वाईट जागा नाही. तीन वर्षं एक दिवस खाडा केला नाही. ताप असताना नाही, माझी इंदू गेली त्या दिवशीही नाही. थेंब घेऊन, दोन मिनिटं पायरीवर बसून, मग तिला खांदा द्यायला आले.

तोवर नाक परत आलं होतं. सगळं. संगीतानं डाळ चढवली की खालून सांगायचे, नवी डाळ की जुनी. आडवे झोपायचे. डोळ्यांची लाली गेली होती, माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता. इंदूला जाऊन दोन-तीन महिने झाले असतील तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थेंब बंद करा. त्या दिवशी ते तिथूनच वकिलांच्या घरी गेले.

वकील वारले होते. मुलगा घरी होता, त्यानं ओळखलं, खुर्ची दिली. म्हणाला, “मामा, आता घरी काही करत नाही. एका मठात सांगून ठेवलंय, तेच तिथीला सगळं करतात. फोनवर दाखवतात.” सेतुरावांनी बाकीच्या घरी चौकशी केली. कोणाची मुलं परदेशी, कोणी तयार डबे मागवत होतं. साठातली तीन-चार घरं उरली होती आणि त्यांच्याकडं तरुण आचारी होता. पाच वर्षांत कोणी कोणासाठी थांबत नाही.

मला हे सगळं त्यांनी सांगितलं नाही. मला समजलं ते नंतर, भाचीकडून.

इंदूच्या वर्षश्राद्धाला महिना होता. एका सकाळी सेतुराव जिना चढून वर आले. वर यायची ती पहिलीच वेळ. दारात उभे राहिले, आत बसले नाहीत. म्हणाले, “जाधव, वहिनींचें वर्ष मी रांधीन. मडीनें, आमच्या घरीं रांधतों तसें.”

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, गाळत नाही. मी म्हटलं, “वीस वर्षांत तिच्या हातचं पाणी चाललं नाही तुम्हाला. आता ती मेल्यावर तिला वाढायला येता? गिऱ्हाईक मिळेना म्हणून?”

हे शेवटचं मी अंदाजानं बोललो होतो. खरं निघेल असं वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघितल्यावर कळलं की खरं आहे. आणि तेही कळलं की ते सगळंच खरं नाही. पण तोंडातून गेलं होतं, आणि मला माघार घेता येत नाही. कधीच आली नाही.

“सरी,” ते म्हणाले आणि जिना उतरले.

वर्षश्राद्धाला संगीतानं केटरिंगवाले सांगितले. टेंपो गल्लीत लागला. मी वरून बघत होतो. सेतुराव खोलीच्या दाराशी उभे होते. पोरांनी भाताचं मोठं पातेलं उतरवून त्यांच्यासमोर खाली ठेवलं, झाकण थोडं सरकलं, वाफ आली. सेतुराव एकदम पुढं झाले. तमिळमध्ये म्हणाले, “बाबा, भात खाली लागलाय. वरचा वर काढून घे, ढवळू नको.”

पोरगा त्यांना आजोबा म्हणून हसला. “तात्ता, वर झाकण आहे, तुला काय दिसतं?”

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं असावं, भात कोणाच्या पानासाठी आहे ते. अजून पान वाढलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकन ओढला, नाकावर घट्ट धरला आणि पाठीमागं सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकले. दोन्ही हातांनी पंचा धरलेला. पातेली वर जाईपर्यंत तसेच उभे होते.

मी हाक मारू शकलो असतो. मारली नाही. पोरांनी भात ढवळला आणि सगळा जळका लागला.

पुढच्या आठवड्यात भाची येऊन त्यांना कुंभकोणमला घेऊन गेली. मी तेव्हा मुद्दाम सावकारपेठेत जाऊन बसलो होतो. पाच महिन्यांनी एका संध्याकाळी तिचा फोन आला. दुपारी पंख्याखाली झोपले ते उठले नाहीत. “चांगले झोपले होते, काका,” ती म्हणाली. “आडवे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं टी. नगरला गेलो. दवाखाना उघडायच्या आधी जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, “अय्या, आज तुम्ही एकटे?”

मी म्हटलं, “सेतुरावांचा कागद काढा.”

त्यांनी काढला. पहिल्या दोन वर्षांचं काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हटलं. इंग्रजीत होतं, त्यांनी तमिळमध्ये सांगितलं: रोगी औषध घेण्यात हलगर्जी करतो, वारंवार विसरतो.

“ते खोडा,” मी म्हटलं. “तो माणूस एक दिवस काही विसरला नाही.” आणि शब्द मोडून सगळं सांगितलं. पितर, मडी, किड्याचं पाणी. त्या ऐकत राहिल्या. मग पेन घेऊन दोन ओळी लिहिल्या.

“वाचा.”

“रोगी विसरत नव्हता. धर्माच्या कारणानं स्वयंपाकाच्या दिवशी औषध घेत नसे.”

“आता पुढं लिहा. वास परत आल्यावर त्यानं एकदाच कोणाकडं रांधायला मागितलं आणि त्या माणसानं नाही म्हटलं. नाव लिहा, जाधव.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, “अय्या, हे या कागदावर लिहीत नाहीत.”

“मग कुठं लिहितात?”

त्यांनी कागद मिटून परत फायलीत ठेवला. बाहेर माणसं जमली होती, कोणीतरी शिंकत होतं. मी उठलो, आणि वाटेत दुकानातून ही वही घेतली.